प्रेक्षकाचा कौल आणि कथनाची वाट

आंतरक्रियात्मक डिजिटल कथनाचा इतिहास बहुधा १९७६ च्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या संगणकीय खेळापासून किंवा मायकेल जॉइस यांच्या ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ (१९८७) या कथेपासून मांडला जातो. एस्पेन आर्सेथ यांनी मात्र ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात, संहितेतून मार्ग काढण्यासाठी वाचकाला करावे लागणारे विशेष श्रम हा निकष मानला. तो माध्यमनिरपेक्ष असल्याने प्राचीन चिनी ‘ई चिंग’ही त्यांच्या विचारकक्षेत आला.

हा निकष स्वीकारला, की पारशिवनी-रामटेक परिसरातील खडीगंमतीकडे नव्याने पाहणे क्रमप्राप्त ठरते. दिवाळीनंतरच्या मंडईत शाहीर, ढोलकीवाला, नाच्या आणि गमत्या उभ्यानेच खेळ सादर करतात. कलगी-तुऱ्याच्या परंपरेतील सवाल-जवाबांत शक्ती श्रेष्ठ की शिव, हा वाद ऐकणाऱ्यांसमोर रंगतो. प्रेक्षक दाद देतो, टोकतो, बक्षीस देतो. त्यानुसार शाहीर पद लांबवतो, गमत्या संवाद बदलतो. येथे संहिता प्रयोगापूर्वी पूर्ण झालेली नसते.

याचा अर्थ ‘हे सारे आमच्याकडे होतेच’ असा नव्हे. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘बँडरस्नॅच’ या चित्रपटात प्रेक्षकाला निवडीसाठी सुमारे दहा सेकंद मिळत. पण प्रत्येक फाटा आधीच चित्रित झालेला होता. तेथे प्रेक्षक तयार वाटांपैकी एक निवडतो. खडीगंमतीत तो शाहिराला नवी वाट काढावयास लावतो. शिवाय शाहीर चारचौघांत निरुत्तर होऊ शकतो. यंत्रावर हे दायित्व येत नाही. उलट, यंत्र निवडीची नोंद ठेवते. मंडईतला कौल मात्र खेळ संपताच विरून जातो.

आपल्या लोकसाहित्याभ्यासाची उणीव नेमकी येथेच जाणवते. संकलनांत पदे आणि सवाल छापले गेले. श्रोत्याने कोठे थांबवले, काय पुन्हा म्हणावयास लावले, हे बहुधा गाळले गेले. परिणामी प्रवाही प्रयोगाची एकच स्थिर संहिता आपण अभ्यासत राहिलो आणि तिच्यातील पुनरुक्तीला दोष मानीत आलो. ती पुनरुक्ती पुष्कळदा प्रेक्षकाच्या मागणीची खूण असू शकते.

डिजिटल कथनाच्या मीमांसेने वाचकाच्या कृतीला संहितेचा घटक मानण्याची परिभाषा दिली आहे. तिचा उपयोग केवळ नव्या माध्यमांपुरता मर्यादित न ठेवता, एकाच खेळाचे अनेक प्रयोग प्रेक्षकांच्या प्रतिसादासह नोंदविण्यासाठी झाला पाहिजे. तसे न झाल्यास खडीगंमतीची पदे ग्रंथालयात उरतील. तिचे कथन मात्र हरवलेले असेल.