डॉक्टर येईपर्यंत

लालबागच्या नाक्यावरून परळच्या केईएम रुग्णालयापर्यंत चालत गेलं, तर वीसेक मिनिटं पुरतात. टॅक्सी मिळाली तर त्याहून कमी. ही वीस मिनिटं जरा लक्षात ठेवा. मुंबईच्या सामान्य माणसाने प्रथमोपचार शिकला तो याच हिशेबाने. आणि याच मुंबईतली मुलं पाठीवर सॅक टाकून सह्याद्रीत जाऊ लागली, तेव्हा नेमका हा हिशेब चुकला.

प्रथमोपचार हा शब्द शाळेच्या पुस्तकांमुळे आपल्याला फार जुना वाटतो. पण डॉक्टर नसलेल्या माणसाला ठरावीक धडे द्यायचे, त्याची परीक्षा घ्यायची आणि हातात प्रमाणपत्र ठेवायचं, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. १८७७ साली लंडनमध्ये सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली. पुढच्याच वर्षी पीटर शेफर्ड नावाच्या लष्करी सर्जनने वूलिच इथे वर्ग घेतले आणि त्यासाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. १८७९च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत इसांडलवानाच्या लढाईत तो मारला गेला. त्याचं राहिलेलं काम पुरं केलं जेम्स कँटलीने. हाच कँटली पुढे हाँगकाँगला सन यत्-सेनचा गुरू झाला, पण ते प्रकरण निराळं. त्रिकोणी पट्टी मात्र इंग्रजांची नव्हे. ती लोकप्रिय केली फ्रीडरिश फॉन एस्मार्क या जर्मन लष्करी सर्जनने. पट्टी कुठे कशी बांधायची याची चित्रं त्याने पट्टीच्या कापडावरच छापली. पुस्तक हरवलं तरी पट्टी स्वतःच शिकवेल, अशी ती युक्ती.

खाणी, रेल्वे, कारखाने, पोलीस अशा ठिकाणी ही विद्या आधी रुजली आणि तशीच ती आपल्याकडे आली. परळच्या आसपास रेल्वेचे वर्कशॉप होते, गिरण्या तर गल्लोगल्ली. साच्यावरून धोटा उडून डोळ्याला लागणं, यंत्रात बोटं सापडणं हे गिरणगावाला नवीन नव्हतं. १९४८च्या कारखाने कायद्याच्या ४५व्या कलमाने दर दीडशे कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी सक्तीची केली. ती पेटी प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्याच ताब्यात हवी आणि तो माणूस कामाच्या वेळेत हाताशी हवा, असंही त्यात होतं. पाचशेहून जास्त कामगार असतील तिथे अ‍ॅम्ब्युलन्स रूम लागे. आता विचार करा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. दीडशेमागे एक या कायद्याच्या हिशेबाने या एका धंद्यात पेटी सांभाळणारी माणसं हजारावर भरतात. गिरण्या गेल्या त्याचे हिशेब पुष्कळांनी मांडले. चाळीतल्या खोलीत राहणारा, रात्री-अपरात्री ज्याचं दार वाजवावं असा हा पट्टी बांधणारा माणूस त्यांच्याबरोबर गेला, याची नोंद फारशी कुणी घेतली नाही.

दुसरी शाळा स्काउटची. शिवाजी पार्कच्या कडेला स्काउटांची वास्तू आहे. दादर-गिरगावच्या किती मुलांनी आयुष्यातली पहिली रीफ गाठ स्काउटच्या गणवेशात मारली असेल! तिसरी शाळा युद्धाची. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्याच्या भीतीने शहरात स्वयंसेवक तयार केले गेले. बॉम्ब पडले नाहीत, पण १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि शहराला जखमी माणसं उचलण्याची वेळ आलीच. पुढे नागरी संरक्षण दलाचे वर्ग आले.

या तिन्ही शाळांच्या धड्यांचं शेवटचं वाक्य मात्र एकच असे: रुग्णाला ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे. लालबागमध्ये हे वाक्य अगदी बरोबर होतं.

१९५३ साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली आणि त्याच वर्षी मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था स्थापन झाली. गोनीदांनी गडकिल्ल्यांची ओढ मराठी घराघरांत नेली होतीच. शनिवारी रात्रीची कसारा किंवा कर्जत लोकल पकडायची, स्टेशनवरच डुलकी काढायची आणि पहाटे चालू लागायचं, हा शिरस्ता पडला. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावरून टोलार खिंडीने खिरेश्वर गाठायला धडधाकट पायांना काही तास लागतात. पाय मोडलेल्या माणसाला उचलून आणायचं तर अख्खा दिवस. वीस मिनिटं संपली. आता पुढे काय, हे पुस्तकात नव्हतं.

हे किती लांब जाऊ शकतं, याचं एक मुंबईचंच उदाहरण आहे. हरीश कापडिया हे नाव गिर्यारोहकांना सांगायला नको. कापडाचा व्यापार सांभाळून हिमालय पालथा घातलेला हा मुंबईकर १९७४ साली नंदादेवी अभयारण्याच्या आत खोलवर होता. सुमारे ६,२०० मीटर उंचीवर ते हिमदरीत कोसळले आणि खुब्याचा सांधा निखळला. सोबत्यांनी त्यांना तेरा दिवस वाहून बेस कॅम्पला आणलं. तिथून हेलिकॉप्टरने नेलं. शस्त्रक्रिया झाली आणि पुढची दोन वर्षं कुबड्यांवर गेली. त्यानंतर ते पुन्हा हिमालयात गेले, हा त्यांचा पिंड. मला अडतं ते त्या तेरा दिवसांपाशी. निखळलेल्या खुब्याचा जितका उशीर तितका धोका, कारण मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो. वैद्यकशास्त्र तिथे तासांचा हिशेब करतं. सोबत्यांच्या हाती दिवस होते. वेदना, थंडी, पाणी, लघवी, कूस बदलणं, घसरत्या वाटेवर खांदे बदलणं, यातलं काहीही ‘ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे’ या तीन शब्दांत बसत नाही.

अमेरिकेत १९७०च्या दशकात हाच प्रश्न काही लोकांनी धसास लावला. न्यू हॅम्पशायरमध्ये डोंगरात जाणाऱ्यांसाठी वेगळे वर्ग निघाले. त्यांची व्याख्या साधी होती. दवाखाना तासा-दोन तासांपलीकडे असेल, तर ते रान समजायचं आणि नियम बदलायचे. शहरातला प्रथमोपचारक जखमेवर पट्टी ठेवून थांबतो. रानातल्याने ती पिण्याजोग्या पाण्याने दाबाने धुवायची, कारण दवाखाना उद्या आहे आणि पू आजच धरायला लागेल. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून कोपऱ्याला टाचणीने भोक पाडलं की पिचकारी तयार. शहरात निखळलेल्या सांध्याला हात लावायचा नाही. रानात बोट, गुडघ्याची वाटी, काही प्रसंगी खांदासुद्धा बसवायला शिकवतात. खुबा मात्र नाही. दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि श्वास मोजून वेळेसकट कागदावर लिहायचं. हा कागद पुढे डॉक्टरला फार उपयोगी पडतो. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे ठरवायचं: हलवायचं, की इथेच थांबून माणसं बोलवायची? प्राथमिक वर्ग दोन दिवसांचा, मोठा आठ-दहा दिवसांचा. आपल्याकडेही असे वर्ग भरू लागले आहेत. त्यात कॅरीमॅटची खपची होते आणि ओढणीची एस्मार्कची पट्टी.

पण आपल्या डोंगराचे काही धडे न्यू हॅम्पशायरला ठाऊक नाहीत. त्यांचा पत्ता परळचा आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगच्या काळात डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. १९२५ साली संस्थेला त्यांचं नाव मिळालं आणि पुढे तिथे सर्पविषावरची लस तयार होऊ लागली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालणारी. तरीही डोंगरात जाणाऱ्यांच्या पेटीत कित्येक वर्षं ब्लेड, दोरी आणि पोटॅशियम परमँगनेट असे. ती रीत १९०४च्या सुमाराची. लॉडर ब्रंटन यांनी एका टोकाला पातं आणि दुसऱ्या टोकाला परमँगनेट असं लहानसं हत्यार सुचवलं होतं. शास्त्र पुढे गेलं, हत्यार विस्मरणात गेलं, पण चिरा पाडायची सवय उरली. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. अशा माणसाला चिरा पाडणं म्हणजे न थांबणारी जखम करणं. आणि दोरी करकचून आवळली की विष तिथेच साठून मांस सडतं. दोरीपायी हात-पाय गमावण्याची पाळी येते. २००७ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. धीर द्या, मोडलेल्या हाडासारखा अवयव स्थिर ठेवा, लस असलेल्या दवाखान्यात न्या, लक्षणं डॉक्टरला सांगा. म्हणजे इथे रानाचा नियमही उलटा फिरतो. काही करत बसू नका, निघा.

विंचवाचंही तसंच. रायगडाच्या पायथ्याच्या मुलखात, महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिम्मतराव बावस्कर नोकरीला होते. लाल विंचू चावलेली माणसं हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन दगावताना त्यांनी पाहिली, रात्र रात्र उशाशी बसून नोंदी केल्या आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या गोळीने ती वाचतात हे दाखवलं. १९८२ आणि १९८६ साली हे काम ‘लॅन्सेट’मध्ये आलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गिर्यारोहकाने गोळी द्यायची नाही, ते डॉक्टरचं काम. पण दंशानंतर उलटी, दरदरून घाम आणि गार पडलेले हात-पाय दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही, एवढं त्याला कळलंच पाहिजे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. ही विद्या शिळी होते. जुन्या प्रमाणपत्रवाल्यांना बुडालेल्या माणसाला पालथं घालून पाठ दाबायला शिकवलं होतं; छाती दाबून हृदय चालू ठेवायची रीत १९६० साली पुढे आली. तेव्हा भिंतीवर फ्रेम केलेल्या कागदावर विसंबून गडावर जाऊ नये.

सरकारने साहसी खेळांसाठी नियम केले, २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आलं. २०१४पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही आहे. पण नियमांचा रोख आयोजकांवर आणि रुग्णवाहिकेची धाव डांबरी रस्त्यापर्यंत. फोटो पाहून निघालेल्या चौघा मित्रांच्या हिशेबात दोन्ही नाहीत. त्यांच्यासाठी धावतात त्या गिर्यारोहकांच्या बचाव तुकड्या, बिनपगारी, आपापली नोकरी सोडून. आणि त्यांच्याही आधी पोचतात ते पायथ्याच्या वाडीतले लोक.

या लोकांची झोळी अजून कुठल्या परदेशी स्ट्रेचरने मागे टाकलेली नाही. एक लांब बांबू, एक घट्ट घोंगडी, टोकांना गाठी. रस्ता नसलेल्या पाड्यांवर बाळंतिणीही अशाच खाली येतात. तिला पुढे दोन, मागे दोन खांदे लागतात आणि चढ-उताराला ते थोड्या थोड्या वेळाने बदलावे लागतात. म्हणून मैलभराच्या वाटेला आठ-दहा माणसं धरावीत. चौघांत एक पडला, तर उरतात तीन. त्यातल्या एकाने त्याच्याजवळ थांबायचं आणि दोघांनी मिळून वाडीकडे जायचं, एकट्याने नाही. जाताना जागा, वेळ आणि जखमीची स्थिती कागदावर लिहून खिशात घालायची.