गाविलगडचा एक दिवस

दूरदेशींचे भग्नावशेष पाहण्याची व त्यांविषयीं वाचण्याची हौस आमच्या सुशिक्षित घरांत अलीकडे बरीच वाढली आहे. मेक्सिकोंतील चिचेन इत्झा येथील माया लोकांचें पायऱ्यापायऱ्यांचें देवालय अमरावती-अकोल्याच्या मुलांस चित्रावरून चटकन ओळखतां येतें. कोणाचा मुलगा अमेरिकेंत नोकरीस असला, तर तो आईबापांस सुटींत तिकडे नेतो, सकाळीं एका वाटाड्याच्या हवालीं करतो व सायंकाळीं परत आणतो. मग त्या सहलीचें वर्णन आम्हां शेजाऱ्यांस वर्षभर ऐकावें लागतें. यांत निंद्य असें कांहींच नाहीं. पण वर्णन संपल्यावर त्याच गृहस्थांस ‘गाविलगड पाहिला काय?’ असें विचारावें, तर ‘चिखलदऱ्यास गेलों होतों, गड लांबून दिसला’ एवढेंच उत्तर मिळतें.

माया लोकांच्या अवशेषांची हकीकत मात्र आम्हांस उपयोगी पडण्याजोगी आहे. जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकन वकील व फ्रेडरिक कॅथरवुड हा इंग्रज चित्रकार हे दोघे १८३९ ते १८४२ या काळांत त्या अरण्यांतून हिंडले, आणि त्यांच्या ग्रंथांमुळें त्या ओसाड नगरांची कीर्ति जगभर झाली. परंतु तेथील दगडांवरचे लेख त्यांस वाचतां आले नाहींत, आणि पुढें शंभर वर्षें कोणासहि ते नीट उलगडले नाहींत. दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्यानें १५६२ सालीं मानी गांवीं माया लोकांच्या पोथ्या जाळल्या होत्या, हें त्याचें एक मोठें कारण. मौज अशी कीं, त्याच लांदानें टिपून ठेवलेल्या अक्षरांच्या आधारें यूरी क्नोरोझोव्ह या रशियन पंडितानें १९५२ सालीं त्या लिपीच्या उलगड्याची दिशा दाखविली. आमच्या वऱ्हाडांत पोथ्या जाळणारा कोणी लांदा झाला नाहीं. आमच्या गडांवरील लेख फारसींत आहेत. ती भाषा जिवंत आहे, तिचे कोश विकत मिळतात, आणि चार-पांच पिढ्यांमागें ती जाणणारीं माणसें आमच्याच कसब्यांतून होतीं. असें असूनहि आजचा पदवीधर त्या लेखासमोर उभा राहतो तो केवळ छायाचित्र काढून घेण्यासाठीं, आणि तेथें काय लिहिलें आहे, हें विचारण्याचीहि त्यास इच्छा होत नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत कांहीं विद्यार्थी व दोन सहाध्यापकांचीं कुटुंबें बरोबर घेऊन आम्हीं गाविलगडाची एक दिवसाची सहल केली. अमरावतीहून परतवाड्यापर्यंत काळी सपाट जमीन, कपाशी आणि तूर. तेथून घाट सुरू होतो आणि सुमारें ११०० मीटर उंचीवर चिखलदरा येतो. भीमानें कीचकास मारून येथील दरींत लोटलें व त्या कीचकदऱ्याचें चिखलदरा झालें, ही कथा वाटेंत प्रत्येक गाडीवाला सांगतो. चिखलदऱ्याच्या थंड हवेविषयीं लिहिण्याचें येथें प्रयोजन नाहीं. वाटाड्या म्हणून आम्हांस जो गृहस्थ मिळाला तो जवळच्याच एका गवळ्यांच्या वस्तींतला, साठीच्या पलीकडचा, हातांत काठी आणि पायांत रबरी चपला असा होता. त्यानें आरंभींच सांगून टाकलें, “साहेब, हा गड मूळचा आमच्या लोकायचा. पहिले मातीचा होता. मंग बादशहानं गोटे लावले.”

आमच्यापैकीं दोघे-तिघे हंसले. हंसण्याचें कारण नव्हतें. गाविलगड हें नांव गवळ्यांवरून पडलें असें अभ्यासकहि मानतात, आणि पक्क्या किल्ल्यापूर्वीं येथें त्या लोकांचा मातीचा कोट असावा हा तर्क पुष्कळ जुना आहे. दगडी किल्ला बहामनी सुलतान अहमदशहा वली यानें एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, मुक्काम असतां १४२५ सालीं बांधविला असें फिरिश्त्याच्या बखरीवरून ठरतें. जें आम्ही दोन ग्रंथ चाळून सांगतों तें त्या गवळ्यानें तीन वाक्यांत सांगितलें होतें. फक्त सन त्याजजवळ नव्हता.

गडावरील सर्वांत पाहण्याजोगी वस्तु म्हणजे ज्यास हल्लीं शार्दूल दरवाजा म्हणतात त्यावरील शिल्प. कमानीच्या वर सिंहाच्या आकाराचीं श्वापदें आहेत, आणि त्यांजबरोबर दोन तोंडांचा, नख्यांत हत्ती धरलेला एक अजस्र पक्षी आहे. “पाखरू पाहा साहेब, याले दोन मुंडके हायेत,” असें वाटाड्या म्हणाला, आणि त्यानें काठीनें एकेक हत्ती मोजून दाखविला. हा पक्षी म्हणजे गंडभेरुंड. विजयनगरच्या राजांचें तें एक प्रसिद्ध चिन्ह होय. मुसलमान राज्यकर्त्यांच्या किल्ल्यावर, तुंगभद्रेपासून इतक्या दूर, सातपुड्याच्या या कड्यावर तें कोठून आलें?

येथें एका विलक्षण आयुष्याची हकीकत सांगितली पाहिजे. १४२३ च्या सुमारास अहमदशहानें विजयनगरावर जी स्वारी केली तींत एक कानडी ब्राह्मणाचा मुलगा पकडला गेला. तो वऱ्हाडच्या सुभेदाराच्या चाकरींत वाढला, मुसलमान झाला, फतेउल्ला या नांवानें पुढें आला. १४७१ मध्यें तो वऱ्हाडचा सुभेदार झाला, इमाद-उल्-मुल्क ही पदवी पावला, आणि बहामनी राज्य खिळखिळें झाल्यावर १४९० च्या सुमारास स्वतंत्र होऊन त्यानें एलिचपूरची इमादशाही स्थापिली. याच फतेउल्लानें १४८८ सालीं गाविलगडाची मोठी दुरुस्ती केली. दरवाज्यावरचा गंडभेरुंड त्याच वेळचा व त्याच्याच आज्ञेचा असावा, आणि लहानपणीं हिरावलेल्या देशाची ती खूण असावी, असा तर्क इतिहासज्ञांनीं केला आहे. तर्क तो तर्कच. पण याहून पटणारें कारण निदान मला तरी आढळलेलें नाहीं.

आमच्यांतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, मग हा दरवाजा आपला म्हणायचा कीं त्यांचा?” प्रश्न अगदीं सरळ मनानें विचारलेला होता, आणि हल्लीं तो सर्वत्र विचारला जातो. मीं त्यास उलट विचारलें कीं, ‘आपला’ म्हणजे कोणाचा? मायबापांपासून तोडलेल्या त्या कानडी पोराचा, ज्याच्या तोंडून आमच्या प्रांताचें पहिलें स्वतंत्र सुलतानी तख्त निर्माण झालें त्या फतेउल्लाचा, कीं ज्या अनाम पाथरवटांनीं हे हत्ती कोरले त्यांचा? विद्यार्थी गप्प राहिला, पण त्याचें समाधान झालें नव्हतें हें मला दिसत होतें. मलाहि त्याचें समाधान करावयाचें नव्हतें. यादव माधव काळे यांनीं १९२४ सालीं ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला, त्यास शंभर वर्षें होऊन गेलीं; तेवढा ग्रंथ जरी घरोघरीं उघडला गेला असता, तरी हा प्रश्न या रूपानें पुढें आला नसता.

इमादशाही १५७४ मध्यें बुडाली व गड अहमदनगरच्या निजामशहाकडे गेला. १५७७ मध्यें बहरामखानानें तटाची डागडुजी केली, त्याची आठवण बहराम बुरुजावरील लेखांत आहे. १५९८ मध्यें मोगल आले, आणि त्यांजमागून कालांतरानें नागपूरकर भोसले. हा सर्व भाग वाटाड्यानें भराभर उरकला, व मीहि येथें तसेंच करितों.

त्याची वाणी खरी रंगली ती उत्तरेकडील तटावर. गड तीन बाजूंनीं तुटलेल्या कड्यांवर आहे. उत्तरेस मात्र डोंगराची एक सोंड त्यास येऊन मिळते. त्या सोंडेकडे बोट करून तो म्हणाला, “गाई इकडूनच येतात साहेब. तोफाबी इकडूनच आल्या.” हें वाक्य ऐकून मी चकित झालों, कारण १८०३ सालच्या वेढ्याचें सारें मर्म त्यांत आहे.

त्या वर्षीं २९ नोव्हेंबर रोजीं अकोल्याच्या बाजूस अडगांवच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा आर्थर वेलस्लीनें पराभव केला आणि मग तो गाविलगडाकडे वळला. तेव्हां तो ३४ वर्षांचा होता. वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून नेपोलियनशीं झुंजण्यास अद्याप अवकाश होता. दक्षिणेकडील देवगांवाहून गडास चढणारी वाट अति उभी. तेथें तो स्वतः राहिला व आपणांकडे शत्रूचें लक्ष वेधून धरलें. खरें काम कर्नल स्टीव्हन्सन याजकडे होतें. ७ डिसेंबर रोजीं तो एलिचपुराहून निघाला आणि डोंगरांतून सुमारें ३० मैलांचा वळसा घेऊन उत्तरेस लबाडा गांवाजवळ पोंचला. वाट नव्हतीच, ती फौजेनें कापून काढली, आणि अवजड तोफा दऱ्याखोऱ्यांतून बहुतेक सगळीकडे माणसांनीं हातांनीं ओढून नेल्या. १३ तारखेस तोफा सुरू झाल्या, १४ च्या रात्रीपर्यंत तटास खिंडारें पडलीं, आणि १५ डिसेंबर १८०३ रोजीं हल्ला झाला. लेफ्टनंट कर्नल केनी पुढें होता. बाहेरचा किल्ला पडला. पण दरीपलीकडच्या आंतल्या किल्ल्याचा तट अजून अभंग होता. तेथें ९४ व्या पलटणीच्या कॅप्टन कँपबेलनें शिड्या लावून तट ओलांडला व आंतून दरवाजा उघडला. पुढें दरवाज्यांत जी कत्तल झाली तिचा उल्लेख विजेत्यांच्या कागदांतहि आहे.

किल्लेदार बेनीसिंग नांवाचा रजपूत होता. पळून जाण्याची किंवा शरण येण्याची वाट न धरतां तो दरवाज्यापाशीं लढत पडला, आणि त्याचें प्रेत मृतांच्या राशींत सांपडलें. वाटाड्यास त्याचें नांव ठाऊक नव्हतें. “किल्लेदार रजपूत होता. दार सोडलं नाही त्यानं,” एवढेंच त्यास बापाकडून कळलें होतें. मीं नांव सांगितलें तेव्हां त्यानें तें दोनदां म्हणून पाहिलें. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकारानें १९९९ सालीं ‘शार्प्स फोर्ट्रेस’ ही कादंबरी याच वेढ्यावर लिहिली, आणि तट ओलांडण्याचें श्रेय आपल्या काल्पनिक नायकाकडे दिलें. त्यामुळें आज इंग्लंडांतील सामान्य वाचकास गाविलगडाचें नांव कदाचित् नागपूरच्या वाचकापेक्षां अधिक परिचित असेल. कॉर्नवेलला दोष देण्यांत अर्थ नाहीं. बेनीसिंगावर लिहिण्यास मराठी कादंबरीकारास कोणी मनाई केली नव्हती.

ज्या गडासाठीं इतकीं माणसें मेलीं त्याचें पुढें काय झालें, हेंहि पाहण्यासारखें आहे. गड पडल्यावर दोनच दिवसांनीं, १७ डिसेंबर रोजीं, देवगांवचा तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. परंतु गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले भोंवतालच्या मुलुखासह त्यांजकडेच राहिले. म्हणजे ज्यांनीं तो रक्त सांडून घेतला त्यांनीं तो दोन दिवसांत कागदावर परत दिला. १८२२ मध्यें तो निजामाकडे गेला, १८५३ मध्यें वऱ्हाडाबरोबर इंग्रजांच्या हातीं आला, आणि तात्या टोपे येऊन येथें ठाण मांडील या भीतीनें १८५८ मध्यें त्यांनीं त्याची मोडतोड केली. आम्ही जे ढासळलेले तट पाहिले ते स्टीव्हन्सनच्या तोफांचे जितके, तितकेच या मागाहूनच्या भीतीचे.

ज्यांस गाविलगडाची दगदग झेपत नाहीं त्यांनीं अकोटाहून नरनाळ्यास जावें. तेथील महाकाली दरवाजा याच फतेउल्लानें १४८७ सालीं, बहामनी सुलतान महमूदशहाच्या नांवें, बांधविला. दोहों बाजूंस कोरीव सज्जे व जाळीचें नाजूक काम आहे, आणि कमानीभोंवतीं फारसी अक्षरांच्या ओळी अद्याप इतक्या ठसठशीत आहेत कीं, ज्यास ती लिपि येते त्यास त्या खालीं उभें राहून वाचतां येतात. तेथेंहि वनखात्याचा वाटाड्या बरोबर मिळतो. पुढच्या हिवाळ्यांत आमची मंडळी तेथें जाणार आहे. अचलपूरचे एक वृद्ध मौलवी बरोबर येण्यास कबूल झाले आहेत, आणि ज्या विद्यार्थ्यानें तो प्रश्न विचारला होता त्यानें वही घेऊन त्यांजजवळ बसावें असें ठरलें आहे.