बारदानाचे पांघरूण

डिसेंबर-जानेवारीत एक बातमी दरवर्षी येते : महाबळेश्वरला वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठले. मोटारींच्या टपांवर, बोटींच्या धक्क्यावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर धरला. त्याच बातमीत पुढे शहराचे किमान तापमान असते, आणि ते बहुतेक वेळा शून्याच्या बरेच वर असते. चौकस वाचकाला प्रश्न पडतो, हवा एवढी थंड नव्हती तर पाणी गोठले कसे? काही जण बातमीदाराच्या माथी अतिशयोक्ती मारून मोकळे होतात.

बातमीदार खरेच सांगत असतो. या कोड्याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये सापडले, आणि त्या शोधाची एक वाट माळ्यांनी रोपांवर टाकलेल्या जुन्या बारदानापाशी जाते.

ते बारदान रशियातून येई. व्याट्का, कोस्त्रोमा या प्रांतांत लिंडेन वृक्षांची जंगले होती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडात रस चढला, की शेतकरी त्यांची साल सोलून पाण्यात कुजत घालत. मग आतल्या सालीच्या पट्ट्या सुटून येत आणि त्यांच्या चटया विणल्या जात. रशियन भाषेत त्यांना रोगोझा म्हणतात. धान्य, मीठ, पीठ त्यांच्या पोत्यांतून जाई. अर्खांगेल्स्क आणि बाल्टिकच्या बंदरांतून अंबाडी-तागाच्या जातीचा माल परदेशी निघे, तेव्हा गठ्ठ्यांभोवती हीच चटई असे. लंडनच्या गोदीत माल उतरला की व्यापाऱ्याच्या लेखी तिचे काम संपले. आपल्या बाजार समितीत वजनातून बारदान वजा करतात, तशातलाच हा प्रकार. माळ्याचे काम मात्र तिथून सुरू होई. घोड्याच्या लिदीच्या उबेवर काकडी-खरबुजाची आगाप रोपे वाढवायची, वर काचेची झाकणे ठेवायची आणि रात्री त्या काचांवर रशियन चटया पसरायच्या, हा अठराव्या शतकातील इंग्रजी बागकामाचा रिवाज होता. चेल्सीच्या औषधी वनस्पतींच्या उद्यानाचा प्रमुख फिलिप मिलर याच्या १७३१ सालच्या जाडजूड बागकामकोशाच्या वाचकाला या चटया जागोजाग भेटतात. त्या का उपयोगी पडतात, हे कुणी विचारत नव्हते. रोप जगत होते, तेवढे पुरे होते.

विचारले ते विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टराने. जन्म १७५७, अमेरिकेतील चार्ल्सटनचा, आईबाप स्कॉटिश. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तो वैद्य होता. (माणसाच्या कातडीच्या रंगावरील त्याच्या एका टिपणात नैसर्गिक निवडीची कल्पना आधीच आली होती, हे डार्विनने आपल्या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत मान्य केले आहे. पण तो वेगळा विषय.) दवावरील त्याचा निबंध १८१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक कबुली आहे, आणि मला ती निबंधातील सिद्धान्ताइतकीच मोलाची वाटते. माळी नाजूक रोपांवर पातळ चटई टाकतात हे पाहून, अर्धवट ज्ञानाच्या घमेंडीत, आपल्याला पूर्वी हसू येई असे तो सांगतो. त्याचा हिशेब सरळ होता. रोप फार तर भोवतालच्या हवेइतके गार होणार, आणि हवा तर चटईच्या वरही तीच आणि खालीही तीच. मग चटई रोपाला वाचवणार कशापासून?

चूक पहिल्याच गृहीतात होती. निरभ्र, निवांत रात्री जमिनीवरच्या वस्तू हवेपेक्षा कितीतरी जास्त गार होतात, हे त्याला मोजमापाने कळले. त्याने सरे परगण्यातील एका मित्राच्या बागेत रात्री-अपरात्री गवतावर तापमापके मांडली, लोकरीचे पुंजके ठेवून त्यांवरील दव तोलले. एकदा चार काटक्यांसारख्या टेकूंवर फळी ठेवली आणि दहा-दहा ग्रेन लोकर फळीच्या वर व खाली लावली. सकाळी वरच्या लोकरीचे वजन चौदा ग्रेनने वाढले होते, खालच्या लोकरीचे फक्त चारने. दव पावसासारखे वरून पडते असे म्हणावे, तर खालच्या लोकरीला ते मिळाले कुठून? आणि जमिनीतून वर येते म्हणावे, तर वरची लोकर जास्त का भिजली? जी वस्तू आभाळाला जास्त उघडी, ती जास्त गार होते. आणि जी जास्त गार, तिच्यावर हवेतील बाष्प जास्त जमते.

मग त्याने माळ्यांची चटईच तपासली, पण आपल्या पद्धतीने. गवतात चार काड्या खोवल्या आणि सहा इंच उंचीवर एक तलम हातरुमाल ताणून बांधला. पुढे कित्येक रात्री रुमालाखालचे गवत आणि शेजारचे उघडे गवत यांची तापमाने घेतली. एका रात्री उघडे गवत हवेपेक्षा ११ अंश फॅरनहाइटने गार होते, रुमालाखालचे केवळ ३ अंशांनी. म्हणजे ज्यातून आरपार दिसावे अशा कापडाने ८ अंश, आपल्या मापात साडेचारच्या आसपास, वाचवले. कापड ऊब निर्माण करत नाही. गवत आपली उष्णता किरणांच्या रूपाने आभाळाकडे टाकते आणि निरभ्र आभाळाकडून फारच थोडी परत मिळते. मध्ये कापड आले की ते ती उष्णता घेऊन बरीचशी परत गवताकडे पाठवते. ढगाळ रात्री दहिवर का पडत नाही, याचेही उत्तर हेच.

वेल्सने आणखी एक बारकावा टिपला. कापड गवताला टेकलेले असले तर फायदा कमी होतो, काही इंच वर असले तर जास्त. चटया रोपांपासून अधांतरी ठेवण्याची सोय मात्र माळ्यांकडे पाहिल्याचे त्याला आठवत नव्हते. शिकवणी अशी दोन्ही बाजूंनी झाली. या निबंधाबद्दल रॉयल सोसायटीने त्याला रम्फर्ड पदक दिले. शेवटची निरीक्षणे करताना तो आजारीच होता. १८१७ साली तो वारला.

निबंधात हिंदुस्थानही आहे. रॉबर्ट बार्कर याने १७७५ साली अलाहाबादकडील बर्फाची हकिगत प्रसिद्ध केली होती. सुमारे तीस फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणायचे, त्यांत उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळकी ताटे वीतभर पसरायची, वर उथळ कच्च्या मातीची परळे ओळीने मांडून संध्याकाळी पाणी भरायचे आणि सूर्योदयापूर्वी बर्फ गोळा करायचे. विद्वानांनी याचे श्रेय बाष्पीभवनाला दिले. वेल्सने बर्फ करणाऱ्यांच्या सवयींकडे बोट दाखवले. खालचा पेंढा ओला झाला तर काम बिघडते, म्हणून ते तो कोरडा ठेवतात. वारा सुटला तर बर्फ धरत नाही. बाष्पीभवन हे कारण असते, तर ओल आणि वारा दोन्ही मदतीला आले असते. इथे पाणी आभाळाला उघडे होते आणि जमिनीची ऊब पेंढ्याने तोडली होती. इंग्लंडमध्ये रोपावर अंथरलेला पेंढा दहिवर टाळी, अलाहाबादला पाण्याखाली अंथरलेला पेंढा बर्फ करी. वेण्णा लेकच्या पांढऱ्या थरालाही हेच लागू पडते : हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून उंच, छपराच्या पेटीत असतो, स्ट्रॉबेरीचे पान उघड्यावर.

रशियन चटईच्या जोडीला पुढे आपल्याकडचे तरट आले. क्रिमियन युद्धात रशियाचा माल अडला आणि डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागाकडे अधिकच वळल्या. १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे तागाची गिरणी सुरू झाली. जगाचे धान्य, साखर, कॉफी गोणपाटात भरली जाऊ लागली आणि रिकामी पोती बागांत पोचली. तागही सालीचाच धागा, तेव्हा माळ्याला फार काही नवे शिकावे लागले नाही.

विसाव्या शतकात प्रवास एकदा उलट दिशेने झाला. १९५७ साली न्यू जर्सीतील हॉथॉर्न येथे अल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान यांनी प्लॅस्टिकचे दोन पडदे एकमेकांना चिकटवले. मध्ये हवेचे फुगे अडकले. त्यांना भिंतीवर लावायचा उठावदार कागद करायचा होता. तो कुणी घेतला नाही. मग काचघरांचे उबदार अस्तर म्हणून खपवून पाहिले. तेही जमले नाही. १९६० साली सील्ड एअर कंपनी निघाली, आणि आयबीएमचे १४०१ संगणक पाठवताना वेष्टन म्हणून या फुग्यांच्या प्लॅस्टिकला खरे गिऱ्हाईक मिळाले. आता ब्रिटनमधील हौशी बागवान शरद ऋतूत काचघराच्या आतून तेच फुगेवाले प्लॅस्टिक लावतात. बागेसाठी नाकारलेली वस्तू खोक्यातून फिरून बागेतच आली.

काच असते तिथे ते चांगले काम देते, कारण अडकलेली हवा उष्णता सहजी जाऊ देत नाही. पण उघड्या वाफ्यावर नुसते पॉलिथिन ताणले, तर वेल्सचा रुमाल आठवावा लागतो. पॉलिथिनला हवा ओलांडता येत नाही, पण उष्णतेचे किरण त्यातून बरेचसे निसटतात. गोणपाटातून ते तसे जात नाहीत. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री कोरड्या पातळ प्लॅस्टिकखालचे रोप म्हणूनच कधी कधी पोत्याखालच्या रोपापेक्षा जास्त गारठते. रात्र चढते, मातीची ओल प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला घामासारखी जमते, आणि पाणी हे किरण अडवत असल्याने पांघरूण थोडे दाट होते. सकाळी ते उचलताना थेंब अंगावर पडतात म्हणून आपण कुरकुरतो. रात्रभर राखण त्या थेंबांनीच केलेली असते.