धारगळात मधपेटी ठेवायची आहे? पैसे भरण्याआधी हे बघा

काजूला मोहोर आला की पेडणे तालुक्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "दोन मधपेट्या घेऊन ठेवल्या तर परवडतील काय?" परवडू शकतात. मात्र पेटी आणली, माडाखाली ठेवली आणि चार महिन्यांनी म्होंव काढले, इतके ते सोपे नाही.

पहिली गोष्ट माशीची. आग्या माशी पेटीत राहत नाही. फुलोरीही नाही, ती उघड्यावर एकच पोळे बांधते. पेटीत राहतात त्या दोन, सातेरी आणि परदेशी मेलिफेरा. मेलिफेरा मध जास्त देते, पण तिला भरपूर फुलोरा लागतो आणि तो संपला की पेट्या दुसरीकडे न्याव्या लागतात. नवख्याने इथलीच सातेरी घ्यावी. झाडाच्या ढोलीत, रिकाम्या वारुळात ती आपल्याकडे आधीपासून आहे. (देवी सातेरीही वारुळाच्या रूपातच पुजली जाते, हे पेडण्याच्या माणसाला सांगायला नको.) मात्र सातेरीला एक खोड आहे. मुंग्या झाल्या, अन्न संपले किंवा पेटी वारंवार उघडली, तर ती सगळी वसाहत घेऊन निघून जाते. पेटी तिथेच, पैसेही गेलेले, आत माशी नाही.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे चारा. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिसरात फिरते. म्हणजे तुमच्या भाटात काय आहे यापेक्षा शेजाऱ्यांच्या भाटात काय आहे ते मोजा. माड वर्षभर काही ना काही देतो. काजू, आंबा, जांभूळ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत फुलतात. धारगळ आता पूर्वीचे राहिलेले नाही. राष्ट्रीय महामार्ग ६६ रुंद झाला, २०२२ च्या डिसेंबरात आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले, २०२३ च्या जानेवारीत मोपा विमानतळावरून विमाने उडू लागली. जमिनीला भाव आला. आज समोर दिसणारी काजूची बाग पाच वर्षांनी असेलच असे धरून चालू नका. पेट्या कुठे ठेवायच्या ते ठरवताना आजूबाजूच्या जमिनींची चौकशी करणे हा हिशेबाचाच भाग आहे.

फवारणीचेही तसेच. काजूवरचा ढेकण्या आणि आंब्यावरचे तुडतुडे यांच्यासाठी मोहोराच्या दिवसांतच औषध मारले जाते, आणि माशी त्याच मोहोरावर असते. शेजाऱ्याला आधी भेटा. फवारणी शक्यतो संध्याकाळी उशिरा, माश्या परतल्यावर करावी आणि आदल्या दिवशी कळवावे, एवढे बोलून घ्या. तो तयार नसेल तर त्या जागी पेटी ठेवू नये, हे माझे स्पष्ट मत.

तिसरी गोष्ट पावसाळा. जून ते सप्टेंबर माशीला बाहेर पडायला मिळत नाही आणि फुलेही कमी. तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो, पेटीवर छप्पर लागते, स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून मुंग्या रोखाव्या लागतात. दुबळ्या वसाहतीत मेणकिडा शिरतो आणि पोळी पोखरून टाकतो. बरेच नवखे याच चार महिन्यांत हात टेकतात. म्हणून सुरुवात पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. म्हणजे पुढे मोहोर आणि शिकायला वेळ, दोन्ही मिळते.

आता वाणिज्य शाखेचा माणूस म्हणून थोडे आकडे. सातेरीची चांगली सांभाळलेली पेटी वर्षाला साधारण ५ ते १० किलो मध देते. दोन पेट्यांचे १० ते २० किलो. समोर खर्च मांडा: पेटी, वसाहत, स्टँड, जाळीची टोपी, धुराचा डबा, साखर, मध काढायचे यंत्र. दोन पेट्यांसाठी यंत्र विकत घेऊ नका, चौघांत मिळून घ्या. पहिल्या वर्षाचे उत्पन्न वहीत शून्य धरा. काही मिळाले तर ते वरचे. ज्याची स्वतःची काजू-आंब्याची बाग आहे, त्याला परागीभवनाचा फायदा वेगळा.

मध विकायचा असेल तर मेणाने झाकलेल्या पोळ्यांतलाच काढा. कच्च्या मधात पाणी जास्त असते आणि तो बाटलीत आंबतो. प्रमाण २० टक्क्यांच्या आत हवे. विक्रीला एफएसएसएआयची नोंदणी लागते.

डंखाचे हसण्यावारी नेऊ नका. नांगी नखाने खरवडून काढावी. श्वास लागला, तोंड सुजले, अंगभर गांधी उठल्या तर तडक इस्पितळ गाठायचे. घरात कुणाला असा त्रास पूर्वी झाला असेल तर पेटी घरापासून लांब, आणि वाट, गोठा, शाळा यांच्यापासूनही लांब ठेवावी.

शिकण्यासाठी गोव्यातल्या वाचकांनी पेडण्याच्या विभागीय कृषी कार्यालयात आणि जुने गोवे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. योजनेसाठी जाताना कृषी कार्ड सोबत न्यावे. सिंधुदुर्गातल्यांसाठी खादी व ग्रामोद्योग मंडळाचे जिल्हा कार्यालय आहे. त्याच मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला असून मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण आणि ५० टक्के अनुदान आहे. बेळगाव, खानापूरकडच्यांनी कर्नाटकाच्या बागायत खात्यात जावे. घर सावंतवाडीला आणि भाट धारगळात, असे आपल्याकडे बरेच आहेत. त्यांनी कोणत्या राज्याची योजना लागू होते ते पेटी घेण्याआधी विचारून घ्यावे, बिल हातात आल्यावर नव्हे.