स्वमग्न प्रौढांसाठी रुग्णालय : प्रस्तावना

फेब्रुवारी 2024 मध्ये लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे सप्ताहाच्या प्रसादातून शेकडो भाविकांना विषबाधा झाली. बीबी गावच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा बाहेर झाडांना दोर बांधून सलाइन लावावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाने याची स्वतःहून दखल घेतली. इमारत हा उपचाराचाच भाग आहे, हे त्या रात्री सर्वांना दिसले. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) माणसाला मात्र इमारतीची गैरसोय रुग्णालयाच्या प्रत्येक खेपेला सोसावी लागते.

बाह्यरुग्ण विभागातला गलका फरशीवर आणि उघड्या भिंतींवर आदळून वाढतो. ट्यूबलाइट लुकलुकते, फिनेलचा वास दाटतो, आपला नंबर कधी लागेल ते कळत नाही. ज्याच्या संवेदना तीव्र आहेत, त्याला हे सारे असह्य होऊ शकते. दुखणे नेमके कुठे आहे हे सांगणेही अनेकांना जड जाते. अशा वेळी तो न तपासताच परत गेला, तर पोटदुखी किंवा दाढदुखी तशीच अंगावर काढावी लागते. लोक मात्र त्याला हट्टी ठरवतात.

2013 साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंत सोबत करतो. पुढची सारी वर्षे सर्वसाधारण रांगेत काढायची असतात. म्हणून या पुस्तकाने प्रौढांचाच विचार केला आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारात प्राधान्य देण्याची तरतूदही त्यात आहे. उतार बांधला की अडथळा संपला असे आपण मानतो. आवाजाचा अडथळा कोण काढणार?

स्वमग्न माणसांचा विचार करून इमारती आखण्याच्या विद्याशाखेचा पाया घालणाऱ्यांत कैरोच्या वास्तुविशारद माग्दा मुस्तफा यांचे नाव अग्रभागी आहे. ध्वनी, जागांचा क्रम, माघार घेण्याची जागा, मोठ्या जागेची लहान विभागणी, संक्रमणाची जागा, संवेदनांनुसार विभाग आणि सुरक्षितता ही त्यांची सात तत्त्वे. ब्रिटनने 2022 मध्ये मज्जासंस्थेच्या वैविध्याचा विचार करणारे बांधकाम मार्गदर्शक प्रसिद्ध केले.

बीबीसारख्या ठिकाणी ही तत्त्वे परकी वाटू नयेत. केसपेपरची खिडकी, तपासणी, इंजेक्शन आणि औषधे एका सरळ क्रमाने मांडता येतात. दारापाशी चित्रांची पाटी लावता येते. एक लहान, मंद उजेडाची खोली राखून ठेवता येते. आपल्या घरांची ओसरी म्हणजे बाहेर आणि आत यांमधली संक्रमणाचीच जागा. रुग्णालयाला रुंद, सावलीची ओसरी मिळाली, तर एरवी तिथे स्वमग्न माणूस निवांत वाट पाहील आणि आणीबाणीत तिथेच खाटा मांडता येतील.

वास्तुविशारद, बांधकाम विभागाचे अभियंते, डॉक्टर, परिचारिका, पालक आणि स्वतः स्वमग्न वाचक, या सर्वांचे या अभ्यासात मनापासून स्वागत. पुढच्या इमारतीचा नकाशा मंजूर होण्याआधी तो एखाद्या स्वमग्न प्रौढाला दाखवा आणि त्याचे म्हणणे ऐकून मगच बांधकामाला हात घाला.