प्रश्न कोणत्या भाषेत विचारला?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मुलीचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. बोलणे तुटक, हाक मारली तर वळून पाहणे नाही, तासन्‌तास पंख्याकडे बघत बसणे. नांदेडमध्ये मानसतज्ज्ञ बाईंकडे त्याला नेले. मीही सोबत होतो. बाईंनी प्रेमाने विचारले, "तहान लागली तर काय करशील?" पोर गप्प. पुन्हा विचारले, तरी गप्प. माझ्या मुलीला राहवले नाही. ती म्हणाली, "प्यास लगी तो क्या करता रे?" नातू उठला, आईच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि तोंडाला लावली.

बाईंनी ते लिहून घेतले. मला मात्र त्या खोलीतच मराठवाड्याचा सगळा इतिहास आठवला.

निजामाच्या राज्यात सरकारी भाषा उर्दू होती. वरच्या वर्गांचे शिक्षणही उर्दूतून चाले. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमातूनच उभे राहिले. घरात मराठी बोलणारी आमच्या भागातली मुले वर्गात उर्दू प्रश्नांपुढे मुकी होत. १९४८ ची पोलीस कारवाई झाली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि शाळेची भाषा बदलली. मग माझ्यासारखी दखनी बोलणाऱ्या घरातली मुले मराठी प्रश्नांपुढे मुकी झाली. दोन्ही काळांत गप्प बसणाऱ्या मुलाला नाव एकच मिळाले, 'ढ'.

बुद्धी मोजण्याची पहिली व्यवहारी चाचणी १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखावीत आणि त्यांना वेगळी मदत द्यावी, एवढाच हेतू. बुद्धी कायमची ठरलेली असते हे बिनेला मान्य नव्हते. १९११ साली तो वारला. त्याची चाचणी अमेरिकेत गेली आणि बंदरावर उतरणाऱ्या परदेशी स्थलांतरितांवर वापरली गेली. इंग्रजी न येणारी, प्रवासाने थकलेली माणसे दुभाष्यामार्फत उत्तरे देत. त्यातल्या अनेकांवर मंदबुद्धीचा शिक्का बसला.

आपल्याकडे ही चूक ओळखणारा एक माणूस होता, डॉ. व्ही. व्ही. कामत. त्यांनी बिनेच्या चाचणीची अमेरिकन आवृत्ती घेतली आणि कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी ती नव्याने बसवली. नुसते भाषांतर करून भागणार नव्हते. आपल्या मुलांनी कधी न पाहिलेल्या वस्तूंबद्दल त्यांना विचारून काय उपयोग? त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. 'बिने-कामत' हे नाव अनेक पालकांनी मुलाच्या अहवालात वाचले असेल. त्यातला बुद्ध्यंक म्हणजे साधे गणित. दहा वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या मुलाइतकी उत्तरे देत असेल, तर आठाला दहाने भागायचे आणि शंभराने गुणायचे, ऐंशी.

पण बुद्ध्यंक म्हणजे स्वमग्नता नव्हे, हे ध्यानात घ्यायला हवे. ऑटिझमचे सविस्तर वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ साली केले. ऑटिझम किंवा एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न लागणे, रक्त तपासून कळत नाही. मूल कधी बोलले, कधी चालले, हे आईला विचारतात. कान नीट आहेत ना, ते पाहतात. मुलाचे खेळणे निरखतात. चंचलतेची शंका असेल तर शिक्षकांनाही विचारतात, कारण ती घरी आणि शाळेतही दिसायला हवी.

नांदेडकरांना सिकंदराबादची गाडी नवी नाही. त्याच सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ऑटिझमसाठी भारतीय मापनश्रेणी तयार केली आणि २००९ साली ती वापरात आली. तिच्यात चाळीस बाबी आहेत. प्रत्येकीला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली असेल तर ऑटिझम नाही असे धरतात. १९९५ च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि त्यांत ऑटिझम व अध्ययन अक्षमता आल्या. एडीएचडी त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. म्हणजे आता या कागदावर मुलाची सवलत, परीक्षेतला जादा वेळ, कधी शाळेतला प्रवेशही अवलंबून असतो.

माझा धाकटा भाऊ असा कागद न मिळालेला. चौथीत मास्तरांनी घरी सांगितले, पोरगा शिकणार नाही. अब्बांनी त्याला लातूरला मामाकडे पाठवले. तिथे तो आडतीवर लागला. कोणत्या शेतकऱ्याची किती पोती, कोणत्या दिवशी आली, हे वही न उघडता तो सांगे. डाळ मिलचा आवाज मात्र त्याला सोसत नसे. कान दाबून उन्हात जाऊन बसे. लोक हसत. मीही हसलो आहे. त्याला नेमके काय होते, हे आज मी ठरवणार नाही. नातवाच्या तपासणीची हकीकत त्याला सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मेरेकू किसीने पुछ्याच नै."

नातवाच्या अहवालात ऑटिझम आहे. बुद्ध्यंकाच्या रकान्यात बाईंनी आकडा लिहिला नाही. घरच्या भाषेत पुन्हा तपासावे, असे लिहिले. त्या एका ओळीसाठी मी त्यांचा ऋणी आहे.

आपल्या घरातल्या मुलाला तपासणीला न्याल, तेव्हा दोन गोष्टी विचारायला संकोचू नका. प्रश्न कोणत्या भाषेत विचारले? आणि या आकड्याच्या पुढे मुलासाठी काय करायचे? बंजारा तांड्यावरचे पोर असो, देगलूरकडचे तेलुगू बोलणारे असो की आमच्या मोहल्ल्यातले. गप्प बसलेले मूल उत्तर देत नाही एवढेच आपल्याला दिसते. प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचला का, हे आधी पाहू या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)