काळी, पांढरी आणि गायरान

वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने दिलेला लढा आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. तेथे बागायती होत्या, विहिरी होत्या; काय जाणार हे डोळ्यांना दिसत होते. ज्या प्रदेशात मोकळी जमीन म्हणजे उन्हात तापलेले माळरान, तेथे ती वाचविण्यासाठी कोण उभे राहणार? हा प्रश्न मनात घेऊन आम्ही खानदेशातील शिंदखेडा तालुक्याकडे वळलो.

बुराई नदीकाठचे शिंदखेडा हे धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये हा तालुका ‘विरदेल’ या नावाने येतो. पाऊस बेताचा, अवर्षण पाचवीला पुजलेले. अशा मुलखात गाव वसविणाऱ्या पूर्वजांनी जमिनीची विभागणी मोठ्या विचाराने केलेली दिसते. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. घरे पांढरीवर भिंतीला भिंत लावून दाटीने उभी राहिली. पेरणीची एक वीतही उगाच घराखाली गेली नाही. पांढरीच्या कडेला खळवाडी, तिच्यापुढे शिवार, शिवारातून जाणाऱ्या पाणंदी, आणि जेथे नांगर चालणार नाही तेथे गुरांचे चराऊ रान, म्हणजेच गायरान.

अमेरिकेत १९९४ साली रँडल अ‍ॅरेंट या नियोजनकाराने ‘रूरल बाय डिझाइन’ हा ग्रंथ लिहिला. शेतजमिनीवर वसाहत करायचीच असेल तर घरे जवळजवळ बांधा आणि निम्मी तरी जमीन कायमची मोकळी राखा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. तिकडे ते नवे वाटले. आमच्या काळी-पांढरीने हेच अधिक काटकसरीने साधले होते, असे म्हटले तर ती बढाई ठरू नये. पांझरेच्या खोऱ्यातील फडपद्धती पाहा. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, आणि कोणत्या फडात यंदा कोणते पीक घ्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे. जमिनीची मालकी ज्याची त्याची. मांडणी मात्र सर्वांची.

ही मांडणी कागदावर आली ती इंग्रजी अमलात. १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यातील मोजणीची पद्धत ठरविली. १८५२ मध्ये मोजणीदार खानदेशात उतरले तेव्हा सावदा, एरंडोल या भागांत रयतेने उघड विरोध केला. साखळी पडली की सारा वाढणार, ही तिची भीती होती. तरीही मोजणी झाली, शेतांना नंबर मिळाले, आणि १८७९ च्या जमीन महसूल कायद्याच्या ३८ व्या कलमाने गावाच्या जनावरांसाठी चराई राखून ठेवण्याची तरतूद केली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तीच तरतूद २२ व्या कलमात आली. गायरानाची मालकी सरकारची, वापर गावाचा. आमच्या मते दुखणे येथेच आहे. ज्याचा सातबारा एका माणसाच्या नावावर नाही, त्याच्यासाठी रात्री कोणाची झोप उडत नाही.

मात्र गायरानाचा इतिहास केवळ हिरव्या शाईने लिहिता येणार नाही. गावाच्या जमिनीत ज्यांना कधी वाटा मिळाला नाही, त्या दलित व आदिवासी भूमिहीनांनी याच पडीक जमिनींची मागणी केली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये, व पुन्हा १९६४-६५ मध्ये, भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे शासनाने काही अतिक्रमणे नियमित केली. अनेक कुटुंबांची चूल त्यावर पेटली. जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, तेव्हा भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना दिलेले पट्टे, शाळा, दवाखाना असे मोजके अपवादही त्याने मानले. त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्र शासनाने गायरानांबाबत निर्णय काढला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयापुढे राज्यातील गायरानांवरील दोन लाखांहून अधिक बांधकामांचा आकडा आला आणि नोटिसांच्या धास्तीने झोपडीतला माणूस प्रथम हादरला. अपवादाचे शब्द त्याच्यापर्यंत पोचले होते की नाही, कोण जाणे.

मोकळ्या जागेची दुसरी गळती मात्र गरिबाची नाही. तालुक्याच्या गावाभोवती रस्त्याकडेच्या काळ्या रानात चुन्याच्या रेघा व हद्दीचे दगड दिसतात, बाजूला ‘एन. ए. प्लॉट विक्रीस’ असा फलक. बिनशेतीचा मार्ग उत्तरोत्तर सोपा होत गेला आहे. २०१९ मध्ये संहितेत ‘४२ ड’ हे कलम आले आणि गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतील जमिनीला, ठरावीक रकमा भरल्यावर, बिनशेती मानण्याची सोय झाली. पूर्वी याच पट्ट्यात खळवाडी असे. २०२० च्या विकास नियंत्रण नियमावलीने ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या अभिन्यासात दहा टक्के जागा मोकळी सोडण्याची अट घातली. अट चांगलीच आहे. परंतु एक एकर रानाची दहा टक्के म्हणजे चार गुंठे. शेजारचा अभिन्यास आपले चार गुंठे भलत्याच कोपऱ्यात सोडतो. असे दहा तुकडे मिळून गायरान होत नाही. नकाशे एकत्र ठेवून मोकळ्या जागा एकमेकींना लागून सोडवून घेणे अशक्य नाही. त्यासाठी फडावर बसत तसे बसावे लागेल.

ठेलारी मेंढपाळ या भागातले. पाऊस सरला की त्यांचे कळप चराईच्या शोधात निघतात. चार गुंठ्यांच्या तारेच्या कुंपणात त्यांना प्रवेश नाही. आणि पाणंद नांगरली गेली असेल तर पुढच्या गावाच्या गायरानापर्यंत जायला त्यांच्याजवळ डांबरी रस्ताच काय तो उरतो.